टँकर समुद्रात बुडाले, निकाल जमिनीवर लागला

दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा इतिहास बहुतेक वेळा कप्तानांच्या नावाने सांगितला जातो. कोणी किती जहाजे बुडवली, किती टनांची, कोणाच्या गळ्यात कोणते पदक पडले, असे तक्तेच्या तक्ते पुस्तकांत सापडतात. हे तक्ते वाचायला चुरशीचे असतात, पण युद्धाचा निकाल असा का लागला हे त्यांतून उमगत नाही. १९४२ च्या पहिल्या सहा महिन्यांत जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रात तेलवाहू जहाजांची अक्षरशः कत्तल केली, तरी अमेरिकेचे कारखाने थांबले नाहीत आणि ब्रिटनमधली विमाने जमिनीवर बसली नाहीत. दोनच वर्षांनी अमेरिकी पाणबुड्यांनी जपानच्या टँकरांवर तसाच हल्ला चढवला आणि १९४५ च्या वसंतात जपानमध्ये परदेशी तेलाचा थेंबही पोहोचेनासा झाला. हत्यार एकच, सावज एकच, निकाल मात्र उलटे. या फरकाचे उत्तर कप्तानांच्या धाडसात किंवा पेरिस्कोपच्या भिंगात सापडत नाही. बुडालेल्या टँकरचे काम दुसऱ्या कशाने तरी आणि वेळेत भरून काढण्याची ताकद ज्या देशाच्या जमिनीवर होती तो तरला. ज्याच्याकडे ती नव्हती, किंवा असूनही ज्याने ती उशिरा कामाला लावली, तो बुडाला. टँकरांची लढाई समुद्रावर लढली गेली, पण ती जिंकली आणि हरली गेली ती जहाजबांधणीच्या गोद्यांत, रेल्वेच्या यार्डांत आणि सरकारी कचेऱ्यांत.

टँकर हे पाणबुडीचे आवडते सावज का होते, हे आधी पाहिले पाहिजे. साध्या मालवाहू जहाजाच्या पोटात धान्य, यंत्रे, कापूस, दारूगोळा असा सरमिसळ माल असतो. त्यातले एक जहाज गेले तर तोटा दहा ठिकाणी वाटला जातो. टँकर एकाच मालासाठी बांधलेला असतो. त्याच्या पोटात ओळीने टाक्या, मध्ये पोलादी भिंती, इंजिन मागच्या टोकाला, आणि पंपांची व नळांची सगळी मांडणी फक्त तेलासाठी. असे जहाज बांधायला वेळ लागतो आणि त्याची जागा दुसरे कोणतेही जहाज सहजासहजी घेऊ शकत नाही. भरलेला टँकर लगेच पेटून उडतो, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. जड कच्चे तेल सहज पेट घेत नाही. पेट्रोल भरलेले जहाज आणि तेल उतरवून परतणारे, टाक्यांत वाफ कोंडलेले रिकामे जहाज ही अधिक धोक्याची. टाक्या वेगवेगळ्या असल्यामुळे टँकर चिवटही असतो. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टा बेटाकडे निघालेल्या ‘ओहायो’ या टँकरला ‘अक्सुम’ या इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, नंतर विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले, पाठीचा कणा मोडल्यासारखी त्याची अवस्था झाली. तरी दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून त्याला १५ ऑगस्टला बंदरात आणले गेले आणि तेल उतरवले गेले. एका टँकरसाठी आरमाराने इतकी किंमत मोजावी, यातच त्या जहाजाचे मोल कळते.

तेलावर चालणाऱ्या युद्धाचा हा कच्चा दुवा पहिल्या महायुद्धातच उघडा पडला होता. १९१७ साली जर्मनीने निर्बंधमुक्त पाणबुडीयुद्ध सुरू केले तेव्हा ब्रिटिश आरमाराचा इंधनसाठा इतका खालावला की साध्या मालवाहू जहाजांच्या दुहेरी तळांत तेल भरून आणावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांना अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्याकडे एक लाख टनांच्या टँकरांची मागणी करावी लागली. त्या वेळी उपाय सापडला तो जहाजांचे ताफे करून संरक्षक नौकांसह पाठवण्याचा. म्हणजे १९४२ साली कोणाला नव्याने शोधायचे असे फारसे काही नव्हते. धडा पंचवीस वर्षांपूर्वीचा होता आणि विजेत्यांच्याच दप्तरात पडून होता.

तरीही जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर जे घडले ते धडा विसरल्याचेच लक्षण होते. जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख कार्ल ड्यॉनिट्झ यांनी पहिल्या लाटेत लांब पल्ल्याच्या अवघ्या पाच पाणबुड्या पाठवल्या. १४ जानेवारीला ‘यू-१२३’ ने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या समोर ‘नॉर्नेस’ हा टँकर बुडवला, दुसऱ्या दिवशी ‘कोइंब्रा’. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या तेलापैकी जवळजवळ ९५ टक्के तेल टेक्सास-लुइझियानाकडून, मेक्सिकोच्या आखातातून, समुद्रमार्गे येत असे. हे टँकर एकेकटे, ठरलेल्या वाटेने, किनाऱ्याला लगटून जात. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे रात्रभर चालू असत आणि त्या उजेडावर जहाजांच्या काळ्या आकृत्या स्पष्ट उमटत. १० एप्रिलच्या रात्री फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल बीचसमोर ‘गल्फअमेरिका’ हा कोरा टँकर पहिल्याच सफरीवर असताना ‘यू-१२३’ च्या टॉर्पेडोने पेटला. सुट्टी घालवायला आलेली माणसे वाळूत उभी राहून ती आग पाहत होती. कप्तान हार्डेगेनने तोफ चालवण्याआधी पाणबुडी फिरवून टँकर आणि किनारा यांच्या मध्ये आणली, नेम चुकला तर गोळे गावातल्या घरांवर पडू नयेत म्हणून. एकोणीस खलाशी मेले. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी किनाऱ्यावरचे दिवे मंद करण्याचा हुकूम काढला. पहिला टँकर बुडाल्यापासून तोवर जवळजवळ तीन महिने गेले होते.

फेब्रुवारीत हाच हल्ला कॅरिबियनमध्ये, तेलाच्या उगमापाशी, पोहोचला. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या तोंडाशी वाळूचा उथळ बांध होता, म्हणून तिथले कच्चे तेल कमी खोलीत तरंगणाऱ्या खास छोट्या टँकरांतून आरूबा आणि कुरासाव या डच बेटांवरच्या प्रचंड शुद्धीकरण कारखान्यांकडे जाई. १६ फेब्रुवारीच्या पहाटे ‘यू-१५६’ ने आरूबातल्या सान निकोलास बंदरात उभे असलेले टँकर फोडले आणि मग कारखान्यावरच तोफ डागायला घेतली. घाईत तोफेच्या नळीच्या तोंडातले पाणी अडवणारे बूच काढायचे राहिले. पहिलाच गोळा नळीत फुटला, तोफेचे तोंड फाटले, एक नौसैनिक मेला आणि दुसऱ्याचा पाय गेला. कप्तान हार्टेनस्टाइनने पुढे ती फाटलेली नळी करवतीने कापून घेतली आणि त्याच आखूड तोफेने आणखी जहाजे बुडवली. कारखाना वाचला. पण त्याच दिवशी सरोवरी टँकर बुडाल्यामुळे कच्च्या तेलाचा ओघ अडला, आणि कारखाना शाबूत असूनही त्याच्या टाक्यांत तेल कमी पडू लागले. या टँकरांवर काम करणाऱ्या चिनी खलाशांनी संरक्षण नसेल तर समुद्रावर जाणार नाही असे बजावले. २० एप्रिल १९४२ रोजी कुरासावमध्ये डच वसाहतीच्या पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि पंधरा जण मारले गेले. पाणबुडीच्या तक्त्यात या पंधरा माणसांची नोंद कुठेच नाही, पण ते टँकरयुद्धाचेच बळी आहेत. सान निकोलासच्या प्रसंगाचा अर्थही त्यांच्याच बाजूने लागतो: तेलाच्या साखळीत सर्वांत नाजूक कडी विहीर नव्हती, कारखानाही नव्हता, ती होती जहाज आणि ते चालवायला तयार असलेला माणूस.

मग अमेरिका सावरली कशी? मे १९४२ मध्ये पूर्व किनाऱ्यावर ताफे सुरू झाले आणि तिथले हल्ले झपाट्याने घटले. पाणबुड्या मेक्सिकोच्या आखातात सरकल्या आणि तिथे मे महिन्यात हाहाकार उडाला. तिथेही ताफे आले तेव्हा त्या कॅरिबियनमध्ये, त्रिनिदादच्या बाजूला गेल्या. ड्यॉनिट्झ यांचे गणित टनांचे होते: जिथे कमी धोक्यात जास्त टन बुडतील तिथे जा, माल कोणता याचा फार विचार करू नका. पण ताफे पसरले तशी सोपी जागा उरेनाशी झाली. त्याच वेळी जमिनीवर दुसरे काम चालू होते. युद्धकालीन पेट्रोलियमची जबाबदारी असलेले हॅरल्ड इकिस यांनी टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत मोठी पाइपलाइन टाकण्याचा आग्रह आधीच धरला होता, पण १९४१ साली पोलाद दुसरीकडे हवे म्हणून तो प्रस्ताव नाकारला गेला. टँकर बुडू लागल्यावर जून १९४२ मध्ये मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये खोदाई सुरू झाली आणि ऑगस्ट १९४३ पर्यंत दोन हजारांहून अधिक किलोमीटरची, २४ इंच व्यासाची ‘बिग इंच’ वाहिनी पूर्ण झाली. तिच्यातून दिवसाला तीन लाख बॅरल कच्चे तेल वाहू शकत होते. शुद्ध केलेल्या तेलासाठी २० इंचांची दुसरी वाहिनी १९४४ च्या सुरुवातीला चालू झाली. मधल्या काळात भार उचलला रेल्वेने. युद्धाआधी पूर्व किनाऱ्याकडे जाणारे तेल रेल्वेने नगण्य येत असे; १९४३ साली रेल्वेच्या टाकी-वॅगन्स दिवसाला आठ लाख बॅरलहून अधिक तेल ओढत होत्या. शिवाय पूर्वेकडच्या राज्यांत मे १९४२ पासून पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले होते.

या आकड्यांचा अर्थ जहाजांच्या भाषेत मांडला तर मुद्दा स्पष्ट होतो. युद्धकाळात सर्वाधिक बांधला गेलेला ‘टी-२’ जातीचा टँकर सुमारे १ लाख ४० हजार बॅरल तेल नेई आणि ताशी साडेचौदा सागरी मैलांच्या आसपास चाले. म्हणजे बिग इंच रोज दोन टी-२ जहाजांइतके तेल पोहोचवत होती. आखातातून न्यूयॉर्कला जाऊन परत येणे, भरणे आणि रिकामे होणे यात पंधरा-सोळा दिवस धरले, तर फक्त एका पाइपलाइनने तीसेक टँकर अटलांटिकपार जायला मोकळे केले, आणि तेही अशा वाटेवरून जिथे पाणबुडी पोहोचूच शकत नव्हती. दुसरीकडे गोद्यांत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरपासून कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोपर्यंतच्या गोद्यांनी १९४३ साली दोनशेहून अधिक टँकर पाण्यात उतरवले. टँकर बांधण्याचा वेग बुडण्याच्या वेगापुढे गेला, आणि त्या क्षणी ड्यॉनिट्झ यांचे टनांचे गणित कोसळले. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पाणबुड्यांनाही तेल लागत होते. मध्यम पल्ल्याच्या पाणबुड्या अमेरिकेपर्यंत टिकाव्यात म्हणून जर्मनांनी ‘दुभती गाय’ या टोपणनावाच्या, सुमारे सातशे टन इंधन वाहणाऱ्या दहा पाणबुड्या बांधल्या. त्या दहाही बुडवल्या गेल्या, बहुतेक १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत, आणि जर्मनीला त्यांची जागा भरता आली नाही. टँकर गमावणारा भरपाई करू शकत नसेल तर काय होते, याचा पहिला नमुना ड्यॉनिट्झ यांच्याच दलात दिसला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे संकेतलिपी फोडण्याचे श्रेय आहे. ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे संदेश वाचले जात होते म्हणून जहाजे वाचली. यात तथ्य आहे, पण १९४२ साठी ते उलट दिशेने जाते. १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन पाणबुड्यांनी चार चक्रांचे नवे एनिग्मा यंत्र वापरायला सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत ब्रिटिशांना त्यांचे संदेश वाचता येईनात. याच आंधळ्या काळात अमेरिकी किनाऱ्यावरचे बुडणे ताफ्यांमुळे थांबले. उलट जानेवारीत, जेव्हा संदेश वाचले जात होते आणि पाच पाणबुड्या येत असल्याचा इशारा लंडनहून पोहोचला होता, तेव्हा त्या माहितीवर काम करायला किनाऱ्यावर यंत्रणाच नव्हती. माहिती असणे वेगळे आणि माहितीला हातपाय असणे वेगळे. डिसेंबर १९४२ च्या अखेरीस त्रिनिदादहून जिब्राल्टरकडे निघालेल्या ‘टीएम-१’ या टँकरताफ्याने तर दुहेरी धडा दिला. नऊ टँकर, त्यांच्याबरोबर एक विनाशिका आणि तीन छोट्या नौका. त्यांना आधीच पाणबुड्यांच्या फळीची कल्पना देऊन वाट बदलण्याचा सल्ला मिळाला होता, पण वाटेत शांत पाण्यात इंधन भरून घेण्याची अडचण होती आणि सल्ला मानला गेला नाही. नऊपैकी सात टँकर बुडाले. ताफा असला तरी त्याला पुरेशा रक्षक नौका, विमाने आणि इंधन यांचे पाठबळ नसेल तर तो सावजांचा कळप ठरतो.

गुप्त माहितीच्या आक्षेपाची एक आवृत्ती आपल्या किनाऱ्यावरही प्रसिद्ध आहे. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन मालवाहू जहाजे तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात, मुरगाव बंदरात येऊन थांबली. एरेनफेल्सवर लपवलेला बिनतारी यंत्रसंच अरबी समुद्रातल्या ब्रिटिश जहाजांची माहिती पाणबुड्यांना पुरवतो, असा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातल्या, बरेचसे पन्नाशीकडे झुकलेल्या चहामळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी एका गाळवाहू बार्जवरून येऊन त्या जहाजावर छापा घातला. एरेनफेल्स बुडाले, शेजारच्या जहाजांनी स्वतःलाच बुडवून घेतले. या पराक्रमाने हिंदी महासागरातले हल्ले थांबले असे अनेकदा लिहिले जाते. कागदपत्रे तसे सांगत नाहीत. छाप्यानंतर साडेतीन महिन्यांतच, २४ जून १९४३ रोजी, जपानी पाणबुडी ‘आय-२७’ ने ओमानच्या आखातात ‘ब्रिटिश व्हेंचर’ हा टँकर बुडवला. जर्मन पाणबुड्या त्या वर्षी पेनांगचा तळ वापरू लागल्या आणि या समुद्रातले हल्ले १९४४ पर्यंत चालू राहिले. छापा धाडसी होता, पण त्याला निर्णायक म्हणणे म्हणजे पुन्हा कप्तानांच्या गोष्टीकडेच जाणे होय.

हिंदुस्थानासाठी खरा घाव दुसरीकडून आला होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, माघार घेताना ब्रिटिशांनी सिरियमचा शुद्धीकरण कारखाना आणि पुढे येनानजौंगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. आपल्याकडचे घासलेट आणि पेट्रोल मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेशातून येत असे. आता भिस्त इराणच्या अबादानहून येणाऱ्या टँकरांवर आली. शहरांत मोटारींना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडण्याची वेळ आली आणि खेड्यांत चिमणीतले तेल मोजून वापरावे लागले. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर राबणाऱ्या हिंदी खलाशांची संख्याही हजारोंत होती. डेकवर कोकणातले मुसलमान खलाशी, जेवणघरात आणि केबिनात गोव्याचे ख्रिस्ती, बॉयलरपाशी आगवाले. त्यांच्यावर देखरेख सारंगाची. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नसे, म्हणूनच युद्धाच्या तोंडावर अनेक बंदरांत त्यांनी काम बंद पाडले होते. सुमारे साडेसहा हजार हिंदी व्यापारी खलाशी या युद्धात मेले. त्यांच्यातल्या हजारोंना थडगे नाही. त्यांची नावे मुंबई आणि चितगाव इथल्या नोंदवह्यांत आहेत. वाहतूक टिकली असे आपण सहज म्हणतो, तेव्हा ती टिकवण्याची किंमत कोणी आणि कोणत्या दराने मोजली, हेही हिशेबात धरावे लागते.

आता जपानकडे वळू. ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेने तेल तोडले आणि दक्षिणेकडच्या तेलासाठीच जपान युद्धात उतरला. सुमात्रातले पालेमबांग, बोर्निओतले बालिकपापान, ताराकान आणि मिरी काही आठवड्यांत हाती आले. विहिरी मिळवणे ही अर्धी लढाई होती. उरलेली अर्धी होती ते तेल पाच हजार किलोमीटर दूर घरी नेण्याची. ८ मे १९४२ रोजी अमेरिकी पाणबुडी ‘ग्रेनेडियर’ ने ‘ताइयो मारू’ हे जहाज बुडवले तेव्हा त्यावर दक्षिणेतले तेलक्षेत्र चालू करायला निघालेले शेकडो तंत्रज्ञ होते. तरीही जपानी आरमाराने जागे व्हायला आणखी दीड वर्ष घेतले. मोठ्या निर्णायक युद्धासाठी वाढवलेल्या त्या आरमाराला व्यापारी जहाजांची राखण हे दुय्यम काम वाटत होते. सिंगापूर ते जपान ताफे जुलै १९४३ मध्ये सुरू झाले आणि रक्षणासाठी वेगळे मुख्यालय नोव्हेंबर १९४३ मध्ये उभे राहिले. कच्च्या तेलाची आयात १९४३ साली सुमारे ९८ लाख बॅरल होती, ती १९४४ साली सुमारे १६ लाखांवर घसरली आणि १९४५ साली शून्यावर आली. टँकर बांधणी वाढवली, साध्या जहाजांना टाक्या बसवल्या, तरी रस्ताच मारला गेला होता. जपानचे जंगी आरमार १९४४ मध्ये तेलाजवळ राहण्यासाठी दक्षिणेत, तर विमानवाहू जहाजे नवे वैमानिक शिकवण्यासाठी मायदेशी, असे दुभंगले. देशात पाइनच्या मुळ्या उकरून त्यांतून विमानाचे इंधन काढण्याची मोहीम निघाली. दोनशे मुळ्यांवर विमान तासभर उडेल, असे लोकांना सांगितले जात होते.

इथे दुसरा आक्षेप येतो: अमेरिकी पाणबुड्याच अधिक सरस होत्या, म्हणून त्या जिंकल्या. पण पहिली पावणेदोन वर्षे त्यांच्या हातातले हत्यारच सदोष होते. २४ जुलै १९४३ रोजी ट्रुक बेटाजवळ ‘टिनोसा’ या पाणबुडीला ‘तोनान मारू क्र. ३’ हे देवमाशांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखाना-जहाजाचे टँकर बनवलेले एकोणीस हजार टनांचे अवाढव्य जहाज सापडले. सुरुवातीच्या टॉर्पेडोंनी ते जागच्या जागी थांबले. मग कप्तान डॅसपिटने अगदी आदर्श अंतरावरून, नेमका काटकोन साधून, एकेक टॉर्पेडो सोडला. ते जाऊन आदळत होते आणि एकही फुटत नव्हता. पंधरा सोडल्यावर त्याने उरलेला एक जपून ठेवला आणि तपासणीसाठी पर्ल हार्बरला आणला. हवाईत टॉर्पेडो कड्यावर आपटून पाहिले तेव्हा कळले, की काटकोनात आदळल्यावर स्फोट घडवणारी पिनच वाकते. सर्वोत्तम नेम हाच सर्वांत वाईट ठरत होता. सप्टेंबर १९४३ पर्यंत दुरुस्ती झाली. म्हणजे जपानला जवळजवळ दोन वर्षांची सवलत मिळाली होती, आणि ती त्याने ताफे, रक्षक नौका, साठे यांवर खर्च केली नाही. अमेरिकेला १९४२ मध्ये अशी सवलत मिळाली नव्हती. तिने मार खात खात उपाय उभा केला. हत्यारांची तुलना केली तर सुरुवातीचा तराजू जर्मनांकडे झुकतो, आणि तरी तेच हरले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जपान बेटांचा देश, त्याला पाइपलाइन टाकणार तरी कुठून? भूगोलच विरोधात असेल तर यंत्रणेला दोष का द्यायचा? भूगोलाचा वाटा मान्यच करायला हवा. अमेरिकेला स्वतःच्या जमिनीवर तेल होते. तसा दिलासा जपानला नव्हता. पण ब्रिटनही बेटच होते आणि त्याचे जवळजवळ सगळे तेल समुद्रावरून येत होते. डिसेंबर १९४२ मध्ये तिथे व्यापारी जहाजांसाठीचा इंधनसाठा दोन-अडीच महिन्यांपुरता उरला होता. ब्रिटन वाचले ते वेगवान टँकरांचे कॅरिबियनहून थेट ताफे काढून, कडक रेशनिंग पाळून, आधीपासून साठे जपून आणि मित्रदेशाच्या गोद्यांतली जहाजे घेऊन. यातले पहिले तीन उपाय जपानलाही खुले होते. विमानांनी पेरलेले सुरुंग आणि जानेवारी १९४५ मध्ये दक्षिण चीन समुद्रात विमानवाहू जहाजांनी केलेले हल्ले यांनीही जपानचे तेल तोडायला हातभार लावला, हे खरेच. पण आयात त्याआधीच कोसळली होती. सुमारे साठ लाख टनांच्या व्यापारी ताफ्याने युद्धात उतरलेल्या जपानने ऐंशी लाख टनांहून अधिक जहाजे गमावली, त्यांतली निम्म्याहून जास्त पाणबुड्यांनी घेतली. भूगोलाने जपानला अडचणीत टाकले. उशिराने त्या अडचणीचा फास केला.

या लढाईच्या नीतीचा प्रश्नही त्याच तर्कातून सुटा करून पाहता येतो. १९३६ च्या लंडन करारानुसार व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरच्या माणसांना सुरक्षित जागी पोहोचवणे पाणबुडीवर बंधनकारक होते. हा नियम कोणीच पाळला नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी अमेरिकेने जपानविरुद्ध निर्बंधमुक्त पाणबुडीयुद्धाचा हुकूम दिला होता, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात अ‍ॅडमिरल निमित्झ यांनी लेखी उत्तरात तसे कबूल केले. त्यामुळे न्यायाधीशांनी ड्यॉनिट्झ यांना शिक्षा सुनावताना पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगाचा आधार घेतला नाही. दोन्ही बाजूंनी तेलाच्या वाहतुकीला लष्करी लक्ष्य मानले होते, कारण दोघांनाही तिचे मोल सारखेच उमगले होते. पण ज्यांच्यावर टॉर्पेडो सुटत होते ते सैनिक नव्हते. म्हणून वेळेत ताफे न काढणाऱ्या, दिवे न मालवणाऱ्या, पाइपलाइनची फाइल अडवून ठेवणाऱ्या कचेऱ्यांची जबाबदारी पाणबुडीच्या कप्तानाच्या क्रौर्यामागे लपवता येत नाही.

पाणबुडीने मोडलेली वाहतूक हा प्रत्येक देशाला आलेला एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पोलादाचे वाटप, रेल्वेचे वेळापत्रक, इंधनाचे साठे, रक्षक नौकांची संख्या आणि खलाशाला दिलेली वागणूक यांच्यात दडले होते. तेल आयात करणाऱ्या कोणत्याही देशाची ताकद मोजताना त्याच्या आरमाराकडे किती पाणबुड्या आहेत हे विचारण्याआधी, त्याचे टँकर पुढचे दहा दिवस आले नाहीत तर अकराव्या दिवशी त्याच्याकडे कोणता रस्ता उरतो, हे विचारणे अधिक खरे आहे. अमेरिकेपाशी याचे उत्तर उशिरा का होईना होते, ब्रिटनने ते काटकसरीने आणि मित्राच्या मदतीने मिळवले, जपानने प्रश्नच १९४३ सरेपर्यंत विचारला नाही. जिंकणाऱ्या कप्तानांच्या याद्या राहोत. पण निकालाचे श्रेय वाटायचे तर त्यांच्याआधी गोदीतल्या वेल्डरचा, यार्डातल्या वॅगनवाल्याचा आणि पगाराची खात्री नसताना पुन्हा टँकरवर चढलेल्या खलाशाचा नंबर लागतो, आणि अपयशाचे धनी शोधायचे तर आधी तो उशीर ज्यांनी केला त्यांची दालने तपासावी लागतात.